१२०२चा इशारा : गोष्ट कुठे थांबवायची?

चंद्रावर माणूस पहिल्यांदा उतरला त्या दिवसाची, म्हणजे २० जुलै १९६९ची, एक हकीकत विज्ञानविषयक पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून हमखास सांगितली जाते. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचे ‘ईगल’ यान चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर असताना यानातील संगणकाने धोक्याचा इशारा दिला. अंकफलकावर आकडा उमटला, १२०२. त्याचा अर्थ यानातील दोघांपैकी कोणालाच चटकन सांगता येईना. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातून काही सेकंदांत निरोप आला की उतरणे चालू ठेवा. पुढच्या पाचएक मिनिटांत असे इशारे एकूण पाच आले, चार वेळा १२०२ आणि एकदा १२०१. यान सुखरूप उतरले.

इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. इशारा का आला, या प्रश्नापाशी मात्र वाटा फुटतात. कोणी सांगतो की संगणकच दुबळा होता, आजच्या खिशातल्या कॅल्क्युलेटरइतकासुद्धा दम त्यात नव्हता. कोणी सांगतो की ऑल्ड्रिन यांनी रडारचा एक खटका चुकीच्या जागी ठेवला. तिसरा सांगतो की प्रोग्राम इतका हुशार होता की त्याने बिनमहत्त्वाची कामे आपणहून टाकून दिली. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. पण तिन्ही उत्तरे चौकशी मधेच सोडून देतात, आणि जिथे सोडतात तिथे जो उभा असेल त्याच्या माथी दोष किंवा श्रेय मारतात. वर्गात ही गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाने म्हणूनच ती कोणाकडून ऐकली आहे हे पाहायला हवे.

या हकिकतीविषयीचे तीन मजकूर आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. पहिला, मार्गारेट हॅमिल्टन यांचे ‘डेटामेशन’ या संगणकविषयक नियतकालिकात मार्च १९७१ मध्ये आलेले पत्र. दुसरा, डॉन आइल्स यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील अंतराळविज्ञान संस्थेच्या परिषदेत, कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज येथे, वाचलेला निबंध ‘टेल्स फ्रॉम द ल्युनर मॉड्यूल गायडन्स कॉम्प्युटर’. याच लेखकाने पुढे २०१८ मध्ये ‘सनबर्स्ट अँड ल्युमिनरी’ या नावाने आपल्या आठवणींचे पुस्तकही लिहिले. तिसरा, डेव्हिड मिंडेल यांचा २००८ मधील ‘डिजिटल अपोलो’ हा ग्रंथ. आमचा मुख्य विचार आइल्स यांच्या निबंधाचा आहे. बाकीचे दोन तुलनेपुरते.

हॅमिल्टन आणि आइल्स हे दोघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत अपोलोच्या संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींपैकी. हॅमिल्टन यांच्याकडे त्या कामाचे नेतृत्व होते. आइल्स वयाने लहान, आणि यान उतरवण्याच्या प्रोग्रामचे मोठे भाग त्यांच्या हातचे. म्हणजे दोघांनीही गोष्ट आतून पाहिलेली आहे. तरीही दोघांच्या सांगण्यात जो फरक पडतो तो शिकवणाऱ्याला बरेच काही देऊन जातो.

आधी त्या संगणकाची थोडी ओळख. त्याची लिहिता-पुसता येणारी स्मृती अवघी २०४८ शब्दांची, आणि प्रोग्राम साठवणारी कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची. एवढ्याशा जागेत एकाच वेळी पाच-सहा कामे चालवायची होती: यान कुठे आहे याचा हिशेब, इंजिनाचा जोर किती ठेवायचा याचा हिशेब, यानाचा तोल, अंकफलकावरचे आकडे. ही कामे एकमेकांच्या पायांत येऊ नयेत म्हणून हॅल लॅनिंग यांनी ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाचा एक मूळ प्रोग्राम रचला होता. आज आपण ज्याला कार्यकारी प्रणालीचा गाभा किंवा कर्नेल म्हणतो त्याचा हा पूर्वज. प्रत्येक कामाला तो प्राधान्यक्रम देई आणि कच्चे आकडे ठेवण्यासाठी स्मृतीतला एक छोटा खण देई. काम संपले की खण परत. खण मोजकेच होते. एकही खण रिकामा नसताना नवे काम दाराशी आले, की एक्झिक्युटिव्ह हात वर करी. त्या हात वर करण्याचा सांकेतिक आकडा म्हणजे १२०२. मोठ्या कामांना आणखी एक मोठा खण लागे. तो संपला की १२०१.

उतरताना सर्वांत जड काम होते ‘सर्व्हिसर’ नावाचे. दर दोन सेकंदांनी ते नव्याने सुरू होई, आधीचे संपले असो वा नसो. सर्व कामे मिळून दोन सेकंदांच्या आत उरकत असतील तर खण वेळेवर परत येत आणि सारे सुरळीत चाले. आता समजा, कुठून तरी वेळ गळू लागला. पहिला सर्व्हिसर थोडासा अर्धवट राहतो, तोवर दुसरा सुरू होतो आणि नवा खण घेतो. अर्धवट राहिलेल्यांची रांग वाढत जाते. काही फेऱ्यांनंतर खण संपतात. इशारा येतो तो त्या क्षणी, वेळ गळू लागतो त्या क्षणी नव्हे. या दोन क्षणांमध्ये जे अंतर आहे त्यामुळेच हा दोष शोधणे कठीण झाले, आणि आइल्स यांनी हे अंतर फार चांगले उलगडले आहे. ‘संगणकावर ताण आला’ एवढेच म्हणून थांबणाऱ्या लेखांत ते नाहीसेच होते.

मग वेळ गळत कुठे होता? इथे आपल्याला व्यत्ययाच्या कल्पनेशी यावे लागते. शालेय संगणकपुस्तकांत इंटरप्ट म्हणजे व्यत्यय समजावताना दारावरच्या घंटेचा दाखला देतात. आपण वाचत बसलो आहोत, घंटा वाजते, पुस्तकात खूण ठेवून आपण दार उघडतो, परत येऊन खुणेपासून वाचू लागतो. दाखला वाईट नाही. अपोलोच्या संगणकातही असे व्यत्यय होते आणि प्रत्येकासाठी प्रोग्रामचा वेगळा तुकडा लिहिलेला होता. घंटा वाजल्याचे प्रोग्रामला कळे. काय करायचे हेही तोच ठरवी.

पण बाहेरच्या यंत्रांकडून आकडे घेण्याची आणखी एक रीत त्या संगणकात होती, आणि घंटेच्या दाखल्यात ती बसत नाही. स्मृतीतल्या काही जागा काउंटर म्हणून राखून ठेवलेल्या होत्या. एखादा कोन एका लहान पायरीने वाढला की त्या यंत्राकडून विजेचा एक स्पंद येई, आणि संगणकाची इलेक्ट्रॉनिक मांडणी त्या काउंटरमध्ये परस्पर एक मिळवी. कमी झाला तर एक वजा करी. या बेरजेसाठी स्मृतीचे एक चक्र, म्हणजे ११.७ मायक्रोसेकंद, खर्ची पडे. चालू प्रोग्राम तेवढा वेळ गोठून राही आणि पुन्हा चालू लागे. आपण थांबलो होतो याचा पत्ता त्याला लागत नसे. घंटा नाही, खूण नाही, कुठे नोंद नाही. म्हणूनच या प्रकाराला चक्रचोरी असे अगदी नेमके नाव आहे.

वर्गातली उपमा द्यायची तर अशी देता येईल. एखादा मुलगा हात वर करतो, शिक्षक थांबून त्याच्या शंकेचे उत्तर देतात आणि पुढे शिकवतात, हा व्यत्यय. आता कल्पना करा की भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक मिनिटाला गुपचूप काही सेकंद पुढे सरकते आहे. शिक्षकांना वर्गात काहीच वावगे दिसत नाही. फक्त तास संपतो आणि धडा राहून जातो. धडा का राहिला याचे कारण शिक्षकांच्या टाचणात शोधून सापडणार नाही.

आता हिशेब. तो आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल. ११.७ मायक्रोसेकंदांचे एक चक्र, म्हणजे एका सेकंदात सुमारे ८५ हजार चक्रे. ईगलवर दोन रडार होती. एक जमिनीचे अंतर मोजणारे. दुसरे भेटीचे रडार, म्हणजे चंद्राभोवती फिरत असलेल्या कॉलिन्स यांच्या यानाचा माग ठेवणारे. या दुसऱ्या रडारची तबकडी दोन दिशांनी वळे, त्यामुळे दोन कोन आणि दोन काउंटर. कोनाचे स्पंदांत रूपांतर करणाऱ्या यंत्राचा कमाल वेग सेकंदाला ६,४०० स्पंद. दोन कोनांचे मिळून १२,८००. ते १२,८०० भागिले ८५ हजार, म्हणजे सुमारे १५ टक्के. पस्तीस मिनिटांच्या तासातून सव्वापाच मिनिटे जाण्यासारखे हे आहे. स्पंदांचा वेग सतत कमाल पातळीवर नसल्याने प्रत्यक्षातली चोरी सुमारे १३ टक्के होती, असे आइल्स मांडतात. यान उतरण्याच्या त्या टप्प्यात संगणकाजवळ शिल्लक वेळ जेमतेम तेवढाच होता. त्यात ऑल्ड्रिन यांनी उंचीचा आकडा सतत दाखवत राहण्याची आज्ञा दिली, तिने आणखी सुमारे ३ टक्के घेतले. पारडे कलले.

गंमत अशी की या क्षणी भेटीच्या रडारची कोणालाच गरज नव्हती. प्रोग्राम त्याचे कोन वाचतही नव्हता. तबकडी जवळजवळ स्थिर होती. मग सेकंदाला हजारो स्पंद कसले?

इथे आइल्स यांचा निबंध इतर सर्व कथनांपेक्षा एक पायरी खाली उतरतो. कोन मोजण्यासाठी रडारच्या सांध्यात प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह लागे, ८०० हर्ट्झचा. कोन वाचणारे यंत्र सांध्याकडून आलेली लहर आपल्याजवळच्या ८०० हर्ट्झच्या संदर्भलहरीशी ताडून पाही. रडारचा खटका ‘संगणकाच्या ताब्यात’ या जागी असला तर दोन्ही लहरी एकाच उगमातून येत. खटका इतर जागी असला तर सांध्याला वीज मिळे दुसऱ्याच एका विद्युत्पुरवठ्यातून. तोही ८०० हर्ट्झचाच. दोन्ही पुरवठ्यांची वारंवारता एकमेकींशी बांधलेली होती, पण कला बांधलेली नव्हती. एका लांबीचे दोन झोके एकाच लयीत हलत असावेत, पण एक पुढच्या टोकाला असताना दुसरा मधेच असावा, तसा प्रकार. वारंवारता सारखी असल्याने हे अंतर कधीच भरून निघत नाही, आणि किती अंतर पडायचे हे यंत्रे चालू करण्याच्या क्षणावर अवलंबून. म्हणजे निव्वळ योगायोगावर. त्या दिवशी हे अंतर पाव आवर्तनाच्या जवळ पडले. अशा स्थितीत कोन वाचणाऱ्या यंत्राला स्थिर उत्तर सापडेना. ते एकदा वर मोजी, एकदा खाली मोजी, आणि दरेक पायरीला संगणकाकडे एक स्पंद धाडी.

दोन विभागांच्या यंत्रांची जोडणी कशी असावी याचा लेखी करार असतो. दोन्ही पुरवठ्यांची वारंवारता जुळलेली असावी असे त्या करारात होते. कलाही जुळलेली असावी, हे त्यात नव्हते. दोष सापडतो तो इथे.

आता हॅमिल्टन यांच्या पत्राकडे वळू. संगणकच बिघडला होता असा समज पसरलेला असताना त्याचे खंडन करण्यासाठी ते लिहिले गेले आणि त्या कामात ते चोख आहे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की कामांच्या यादीतील चुकीमुळे रडारचा खटका भलत्या जागी राहिला, रडारने संगणकाकडे चुकीचे संकेत पाठवले, आणि जादा भार ओळखून प्रोग्रामने कमी प्राधान्याची कामे बाजूला ठेवली व महत्त्वाची चालू ठेवली. दोष अंतराळवीराच्या नव्हे तर यादीच्या माथी आहे, हे त्यांनी स्पष्ट केले ही गोष्ट मोलाची. पुढे अनेकांनी हे पत्र वाचून, किंवा न वाचताच, ‘यादी’ हा शब्द गाळला आणि ‘खटका’ तेवढा ठेवला.

परंतु पत्र यादीपाशी थांबते, आणि तिथे थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. खटका त्याच जागी ठेवूनही, दोन लहरींची कला त्या दिवशी जुळली असती तर एकही इशारा आला नसता. मग खटक्याची जागा ‘चुकीची’ कशी? ऑल्ड्रिन यांनी रडार चालू ठेवले त्याला कारण होते. उतरणे सोडून तडक परत फिरावे लागले, तर कॉलिन्स यांना गाठण्यासाठी ते तयार असायला हवे होते. असा विचार करणाऱ्या माणसाला विसरभोळा ठरवणे अन्यायाचे आहे. दुसरी गोष्ट, प्रोग्रामने कामे ‘बाजूला ठेवली’ या वर्णनातून असे वाटते की त्याने परिस्थिती जोखून निवड केली. प्रत्यक्षात खण संपले तेव्हा एक्झिक्युटिव्हने सगळी पाटी पुसली आणि ज्या कामांची पुनःसुरुवातीची नोंद आधीच करून ठेवलेली होती तेवढीच पुन्हा उभी केली. सर्व्हिसरचे अर्धवट तुकडे आणि उंचीचा आकडा दाखवण्याचे काम, यांची अशी नोंद नव्हती, म्हणून ती गळाली. ही रचना आधी वर्षानुवर्षे कोणी तरी डोके शिणवून केलेली होती. हुशारी होती ती त्या माणसांची; आयत्या वेळी यंत्राला ती सुचलेली नाही. विद्यार्थ्यांसमोर हा भेद पुसट होऊ देऊ नये.

आणि ज्यांच्यावर ठपका येतो त्या ऑल्ड्रिन यांनीच शोधाचा पहिला धागा दिला, ही बाब लोकप्रिय कथनांत क्वचितच येते. दोन इशाऱ्यांनंतर त्यांनी ह्यूस्टनला कळवले की उंचीचा तो आकडा अंकफलकावर घेतला की इशारा येतो असे दिसते. यान खाली झेपावत असताना, हातातली कामे न सोडता, त्यांनी दोन घटनांतला संबंध टिपला. ह्यूस्टनने सांगितले की तो आकडा आम्ही इथून पाहतो. विज्ञानाच्या तासाला ‘निरीक्षण’ या शब्दाचा अर्थ सांगताना याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही. खरे कारण त्यांच्या निरीक्षणाहून खोल होते. पण भाराची शेवटची काडी त्यांनी बरोबर ओळखली.

नियंत्रणकक्षातले उत्तर इतक्या लवकर कसे आले, याचीही हकीकत आहे. उड्डाणापूर्वीच्या एका सरावात मुद्दाम असाच एक इशारा घुसवण्यात आला होता आणि त्या वेळी मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी उतरणे रद्द करायला लावले होते. तो निर्णय अनावश्यक होता असे नंतर ठरले. मग सर्व इशाऱ्यांचा अभ्यास करण्याचे काम निघाले आणि जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने हाताने लिहिलेली एक यादी तयार केली: कोणता आकडा आला तर थांबायचे, कोणता आला तर पुढे जायचे. २० जुलैला बेल्स यांना उत्तर मिळाले ते गार्मन यांच्याकडून. इशारा वारंवार येत नाही तोवर चालू द्या, असे ते उत्तर होते. लक्षात घ्यावे की इशाऱ्याचे कारण त्या क्षणी या दोघांनाही ठाऊक नव्हते. परिणाम किती घातक आहे एवढेच त्यांना माहीत होते आणि निर्णयाला तेवढे पुरले.

कारण सापडले ते नंतर, आणि आइल्स यांच्या निबंधातला आमच्या मते सर्वांत चांगला भाग हाच. यान चंद्रावर उभे आहे, दोघे अंतराळवीर तिथे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वर उडायचे आहे. वर उडतानाही हाच संगणक, हेच रडार, आणि त्या वेळी तर भेटीचे रडार खरोखरच लागणार. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत माणसे आकडे घेऊन बसलेली. वेळ चोरीला जातो आहे हे दिसत होते, चोर दिसत नव्हता. शेवटी जॉर्ज सिल्व्हर या अभियंत्याला आठवले की यानाच्या पूर्वीच्या एका चाचणीत भेटीच्या रडारच्या जोडणीमुळे अशी चक्रचोरी होताना आपण पाहिली आहे. एका माणसाच्या आठवणीवर सारे येऊन ठेपले होते. २१ जुलैला यान चंद्रावरून उडण्यापूर्वी खटका संगणकाच्या ताब्यात ठेवण्याची सूचना वर गेली.

हा प्रसंग आइल्स यांनी फार कमी शब्दांत उरकला आहे. त्यांच्या लेखनाचा गुण आणि दोष इथे एकत्रच दिसतात. ते नाट्य रचत नाहीत, कोणाला नायक करत नाहीत, स्वतःलाही नाही. पण लहरींच्या कलेचा मुद्दा, ज्यावर सगळी गोष्ट उभी आहे, त्यांनी फार आखडता घेतला आहे. प्रोग्रामविषयी ते पानेच्या पाने लिहितात. विजेच्या भागापाशी आले की हात आवरतात. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेला वाचक तिथे अडखळणार आणि ‘काही तरी जोडणीचा घोटाळा’ एवढीच समजूत घेऊन पुढे जाणार. शिवाय संक्षेपांचा सुकाळ इतका, की दर परिच्छेदाला मागे वळून पाहावे लागते. परिषदेतल्या श्रोत्यांना हे चालले असेल. शिक्षकाला हा निबंध कागद-पेन्सिल घेऊनच वाचावा लागेल.

याच निबंधात आइल्स आणखी एक प्रकरण सांगतात, ते अधिकच चक्रावून टाकणारे आहे. इंजिनाला जोर वाढवण्याची आज्ञा दिल्यापासून तो प्रत्यक्ष वाढेपर्यंत किती वेळ जातो, हा आकडा विभागांमधील करारात ०.३ सेकंद असा दिलेला होता. इंजिन दरम्यान सुधारले गेले आणि खरा आकडा ०.०७५ सेकंदावर आला होता. करारातला आकडा तसाच राहिला. आइल्स यांनी प्रोग्राममध्ये घातला होता ०.२, कारण तेवढ्याने काम भागत होते. पुढे ॲलन क्लम्प यांनी गणित करून पाहिले तेव्हा दिसले की अपोलो ११ आणि १२ उतरताना इंजिनाचा जोर हेलकावे खात होता आणि जेमतेम काबूत होता. करारातला ०.३ इमानाने घातला असता तर तो काबूबाहेर जाण्याची शक्यता होती. आइल्स हे लिहिताना फुशारकी मारत नाहीत. पण आम्हांला वाटते की १२०२ची गोष्ट आणि ही गोष्ट या दोघींमधला समान धागा, म्हणजे दोन विभागांमधल्या कागदावरचा अपुरा किंवा जुना शब्द, त्यांनी अधिक ठळक करायला हवा होता. वाचकाला तो आपणच ओढून काढावा लागतो.

मिंडेल यांच्या ग्रंथाबद्दल थोडक्यात. त्यांचा विषय माणूस आणि यंत्र यांच्यातील कामाची वाटणी हा आहे, आणि १२०२चा प्रसंग त्यांना त्यासाठी हवा आहे. यानातील दोघे, नियंत्रणकक्षातील तरुण आणि प्रयोगशाळेतील प्रोग्रामकार हे सगळे मिळून यान उतरवत होते, हे त्यांचे प्रतिपादन पटण्यासारखे आहे. इतिहास शिकवणाऱ्याने तो ग्रंथ जरूर वाचावा. दोष कसा शोधतात हे शिकवायचे असेल तर मात्र आइल्स यांच्याकडेच जावे लागेल.

कॅल्क्युलेटरच्या तुलनेचा समाचार घेतल्याशिवाय राहवत नाही. ‘एवढ्याशा संगणकावर माणूस चंद्रावर गेला’ हे वाक्य मुलांना आवडते हे खरे. पण १२०२च्या संदर्भात ते दिशाभूल करते. संगणक दहापट वेगवान असता तर चोरी पचून गेली असती, इशारा आला नसता, आणि जोडणीतला दोष तसाच लपून राहिला असता. आजच्या यंत्रांत हे रोज घडते. एकाच व्यत्ययरेषेवर दोन-तीन उपकरणे जोडलेली असतात, त्यांतले एखादे सारखी घंटा वाजवत बसते आणि तिला उत्तर देणारे कोणी नसते. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी एक पहारा बसवलेला आहे. एका रेषेवरचे एक लाख व्यत्यय मोजायचे, त्यांतल्या ९९,९०० हून अधिक व्यत्ययांची दखल कोणीच घेतली नसेल तर ती रेषाच बंद करायची आणि नोंदवहीत तशी तक्रार लिहायची. घंटा वाजते, म्हणून तिची मोजदाद तरी करता येते. चक्रचोरीत ती सोयही नव्हती.

वर्गात हे कसे न्यावे? दोन सारख्या लांबीचे दोरे आणि दोन दगड घेऊन लंबक टांगावेत. आधी दोन्ही एकदम सोडावेत, मग एक मागाहून सोडावा, आणि मुलांना विचारावे की दोघांची आवर्तने सारखी आहेत का, आणि मग काय सारखे नाही. ‘कला’ हा शब्द त्यानंतर द्यावा. मग फळ्यावर १२,८०० आणि ११.७ हे आकडे लिहून गुणाकार करवून घ्यावा. ऑल्ड्रिन यांचा खटका सर्वांत शेवटी आणावा. आधी आणला की मुले तिथेच थांबतात, मोठी माणसे थांबतात तशीच. अपोलो ११च्या यानातला प्रोग्राम ‘ल्युमिनरी ९९’ आज सर्वांना खुला आहे. जुन्या छापील कागदांवरून तो अक्षर न् अक्षर उतरवून काढलेला आहे. त्यातला एक्झिक्युटिव्हचा भाग उघडला की खण शोधण्याच्या ओळींनंतर १२०१ आणि १२०२ हे दोन्ही आकडे तिथे उभे असलेले दिसतात.